सहा वाजताची सूचना

गिरगाव चौपाटीवर हरवलेलं पोर घाडीकाकांच्या आवाजानं सापडतं, असं तिथले भेळवाले सांगायचे. काका स्वतः असं कधी म्हणाले नाहीत. पण वाळूच्या कडेला पोलिसांची जी लहानशी मदत चौकी होती, तिथल्या माईकवर बावीस वर्षं दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तेच बसायचे. बिनपगारी. चहा तेवढा चौकीतून मिळायचा.

रघुवीर घाडी मूळचे कणकवलीकडचे. वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईला आले आणि लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, कापडाच्या मागांवर लागले. संप झाला, गिरणीनं परत घेतलं नाही, मग गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी उरलेली नोकरी काढली. खोलीही ठाकूरद्वारच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. गिरणीच्या दिवसांत लालबागच्या मैदानात कबड्डीचे सामने व्हायचे, त्यांचं धावतं वर्णन रघुवीर करायचे. कौसल्या कॉटन ग्रीनची. तिचे वडील तिथल्या कापसाच्या गोदामांत हमालांचे मुकादम होते. एकदा मैत्रिणींबरोबर ती सामना बघायला आली होती. गर्दीत तिला ना खेळाडू दिसले ना बोलणारा. नुसता आवाज ऐकला. पुढे वर्षभरानं स्थळ आलं आणि कांदेपोह्यांना बसलेला मुलगा बोलू लागला, तेव्हा ती आत जाऊन आईला म्हणाली, "गे आये, ह्यो तो कबड्डीवालो!"

माईकवर काकांची एक पद्धत होती. दुसरे लोक हरवलेल्या मुलाचं नाव, वय, कपड्यांचा रंग सांगून मोकळे व्हायचे. काका थेट त्या मुलाशीच बोलायचे. "मनवा, बाळ, रडू नको. तू आहेस तिथंच उभी राहा. इकडंतिकडं पळू नको. तुझी आई निघालीय तुझ्याकडे." मग बाकीच्यांना सांगायचे, "हिरव्या फ्रॉकमधली मुलगी तुमच्या शेजारी उभी असेल तर हात वर करा." दहा-पंधरा मिनिटांत वाळूवर कुठंतरी हात वर व्हायचा. इतक्या वर्षांत चौकी बंद करताना एकही पोर बाकी राहिलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी कौसल्याकाकींचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग शेजारणींची नावं गेली. मग एका सकाळी त्या पिशवी घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. "बाबांचो डबो न्हेवक व्हयो," म्हणाल्या. वडील जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, एकटं सोडू नका. मुलगी सुचित्रा बदलापूरला, तिची नोकरी, दोन मुलं. म्हणून रविवारी काका काकींना चौपाटीवर बरोबर न्यायला लागले. चौकीच्या दाराशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची टाकायची, त्यावर काकी बसायच्या. काका माईकवर बोलत असले की त्या अगदी शांत असायच्या, मान हलवत ऐकायच्या.

एकदा काकांनी पुठ्ठ्यावर पत्ता, फोन नंबर लिहून तो दोरीनं त्यांच्या गळ्यात घातला. काकींनी तो ओढून काढला. "मी काय कुत्रो आसंय? गळ्यात पट्टो कित्याक घालतास?" त्यांचे डोळे भरले होते. काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

यंदा मे महिना लागला आणि चौपाटीवर भलतंच सुरू झालं. उन्हाळी सुट्टी, त्यात जोडून आलेल्या रजा. कुठून कुठून पोरांच्या टोळ्या यायला लागल्या. वाळूवर बाइक घालायच्या, बाटल्या फोडायच्या, मोबाइलवर रील करताना बायकांच्या अंगावर जायचं. पहिल्याच रविवारी दोन गटांत मारामारी झाली, एका हवालदाराचं डोकं फुटलं, आणि त्या पळापळीत भरतीच्या पाण्यात उतरलेला एक कॉलेजचा मुलगा गेला. त्या दिवशी काकांनी माईकवरून तीन तास मुलांची नावं पुकारली. घरी आले तेव्हा घसा बसला होता.

त्याच आठवड्यात तातडीचा आदेश निघाला. सुट्टीच्या दिवशी सहाच्या ठोक्याला चौपाटी रिकामी करायची. सगळीकडून बॅरिकेड. आत यायच्या वाटा दोन, बाहेर जायची एकच. गाड्या, ठेले बंद. वर ड्रोन. खांबांवर नवे मोठे भोंगे लावले, आणि त्यांचं कनेक्शन थेट कंट्रोल रूमला जोडलं. आधी सायरन वाजणार, मग रेकॉर्ड केलेली सूचना, पुन्हा सायरन. काकांना हे सगळं पटलं होतं. बुडालेल्या मुलाची आई त्यांनी चौकीत पाहिली होती. "करायलाच पाहिजे होतं हो," ते शेजाऱ्यांना सांगत, "नाहीतर अजून कोण कोण जाईल."

दुसऱ्या रविवारी काका आणि काकी चार वाजता चौकीवर आले. काकींनी अबोली रंगाचं पातळ नेसलं होतं. ड्यूटीवर प्रिती नावाची शिपाई होती. लहान वयाची, काकांना फार मानायची. पावणेसहाला मोठे साहेब आले. घामाघूम झाले होते, हातातला वॉकीटॉकी सारखा बोलत होता.

"काका, पहिली सूचना तुम्ही द्या," साहेब म्हणाले. "लोक तुमचं ऐकतात. एकदम सायरन वाजवला तर घाबरून पळतील. त्यानंतर लाइन कंट्रोलकडे जाईल."

काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि सहा वाजता माईक उघडला.

"चौपाटीवरच्या सगळ्यांना विनंती आहे. आजचा वेळ संपला. पोरांचा हात धरा, म्हाताऱ्यांना पुढे घाला, आणि सावकाश घरी जा. धावू नका. घरी जा बाबांनो, आपापल्या घरी जा."

तीनदा सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं उठायला लागली, चटया झटकायला लागली. साहेबांनी खिडकीतून अंगठा दाखवला. प्रितीनं बटण फिरवलं, माईकवरचा लाल दिवा विझला, आणि सायरन सुरू झाला.

गर्दी एकदम हलली. पोलिसांनी हातात हात गुंफून रांग केली आणि पाण्याकडून रस्त्याकडे लोकांना रेटायला सुरुवात केली. काका दाराशी आले. खुर्ची रिकामी होती.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, इथंच असेल, चौकीच्या मागं. मागं नव्हती. ते पन्नास पावलं वाळूत धावले, परत आले.

"प्रिती, ही कुठं गेली? तू पाहिलंस?"

"काकी? आत्ता तर होत्या ना काका!"

"माईक दे. दोन मिनिटं दे. मी हाक मारतो."

प्रितीनं बटण फिरवून पाहिलं. दिवा लागेना. "लाइन त्यांच्याकडे गेलीय. इथून बोललं तरी बाहेर ऐकूच जाणार नाही." तिनं वॉकीटॉकीवर सांगितलं, विनवलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, सूचना मध्येच तोडता येत नाही, चौपाटी रिकामी झाली की लाइन देतो.

"अगं, रिकामी झाल्यावर मी कुणाला हाक मारू?" काका म्हणाले.

मग ते गर्दीत शिरले. कौसल्या, कौसल्या, असं ओरडत राहिले. वर सायरन होता, त्यामागून कुणा बाईचा ठसठशीत आवाज तीन भाषांतून तेच ते सांगत होता. काकांना स्वतःचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. अबोली रंग दिसला म्हणून त्यांनी दोन बायकांचे खांदे धरले. दुसरीच्या मुलानं त्यांना ढकललं. "आजोबा, चला, बाहेर व्हा," म्हणत पोलीस त्यांनाही रेटत होते. ज्या माणसानं जन्मभर लोकांना आहात तिथंच थांबा म्हणून सांगितलं, त्याला त्या दिवशी कुणी एका जागी थांबू देईना.

पावणेसातला सायरन थांबला. कंट्रोलनं लाइन दिली. प्रिती धावत काकांना शोधून घेऊन आली.

काका माईकसमोर बसले. खिडकीतून सगळी चौपाटी दिसत होती. चपला, कागद, फुटलेली बादली, आणि पाण्याच्या कडेला उभे दोन जीवरक्षक. बाकी माणूस एकही नाही. काकांनी माईकवर कधी घरची बोली वापरली नव्हती. त्या दिवशी त्यांच्या तोंडून तीच आली.

"कौसल्या, मी बोलतंय. आसशीत थंयच रव. खंय जाव नको. मी तुका न्हेवक येतंय."

ते पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिले. शेवटी प्रितीनं रडत रडत त्यांच्या हातून माईक काढून घेतला.

रात्री तक्रार नोंदवली. सुचित्रा आली, तिनं आईचा फोटो सगळीकडे पाठवला. जावई आणि चाळीतली चारजणं चर्नी रोडपासून बाबुलनाथपर्यंत फिरली. सोमवारी दुपारी एक वाजता फोन आला. कॉटन ग्रीनच्या एका बंद गोदामाबाहेर एक म्हातारी बेशुद्ध पडलीय, अबोली पातळ, पायात चपला नाहीत.

इस्पितळात काकी खाटेवर होत्या. ऊन लागलं होतं. तळपायांची कातडी सोलून निघाली होती. डॉक्टर म्हणाले, वय आहे, ताप उतरत नाही, बघूया.

दुसऱ्या दिवशी गोदामाचा वॉचमन गणपत भेटायला आला. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"सकाळी आठला ड्यूटीवर आलो तवा पायरीवर बसल्या होत्या," तो म्हणाला. "म्हटलं आजी, सावलीला या. तर म्हणल्या, बाबा येतील, दार उघडतील. जागची हलेनात. पाणी दिलं, दोनदा प्याल्या. मला वाटलं, घरचं कुणीतरी मागनं येईलच. म्हणून लगेच पोलिसांत नाही गेलो बघा. मी इचारलं, आजी, तुम्हाला इथं सोडलं कुणी? तर हसल्या. म्हणल्या, आमच्या ह्यांनी माईकवरनं सांगितलं, घरी जा म्हणून. म्हणून आले."

सुचित्रानं काकांकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेली.

म्हणजे त्या हरवल्या नव्हत्या. त्यांनी ऐकलं होतं. चार वर्षांत सगळं पुसलं गेलं, मुलीचं नाव गेलं, पण नवऱ्यानं घरी जा म्हटल्यावर त्या उठल्या, पदर नीट केला असेल, आणि जे घर त्यांना आठवत होतं तिकडे रात्रभर चालत गेल्या. सायरनमधून मारलेल्या हाका त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. त्याआधीचं तेवढं पोचलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे काकींनी डोळे उघडले. काका उशाशी होते. काकींनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"इलंव मां घराक?"

"होय," काका म्हणाले. "इलंव."

काकींनी पुन्हा डोळे मिटले. सकाळी नऊला त्या गेल्या.

तेराव्याला प्रिती आली. तिच्या मनात आपणच बटण फिरवलं हे बसलं होतं. तिनं काकांचे पाय धरले. काकांनी तिला उठवलं. "तुझी काही चूक नाही गं. तू सांगितलेलं केलंस." मग म्हणाले, "तिनंही सांगितलेलंच केलं." प्रितीला त्याचा अर्थ कळला नाही आणि काकांनी समजावून सांगितला नाही.

जून लागला, शाळा सुरू झाल्या, गर्दी ओसरली. तातडीचा आदेश मागं घेतल्याची चार ओळींची बातमी पेपरात आतल्या पानावर आली. त्या मोसमात नंतर चौपाटीवर एकही माणूस बुडाला नव्हता, हेही त्यात होतं. काकांनी ती बातमी दोनदा वाचली. त्यांना कुणावर राग धरता येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, असं ते एकदा सुचित्राला म्हणाले. साहेबांचा फोन आला, गणपतीत विसर्जनाला तुम्ही पाहिजेच काका. काका म्हणाले, "आता जमणार नाही साहेब." सुचित्रानं बदलापूरला चला म्हणून फार धरलं. आठ दिवस राहून ते परत आले. खोलीत त्यांना बोलायला कुणी लागत नव्हतं. भाजीवाल्याशीही ते बोटांनीच किती ते सांगायचे.

रविवारी मात्र ते घराबाहेर पडतात. कॉटन ग्रीनला जातात. गणपतची सुट्टी रविवारी नसते. तो आतून स्टूल आणून देतो आणि दोघं गोदामाच्या भिंतीच्या सावलीत बसतात.

"काय म्हणाली रे ती?" काका विचारतात.

पहिल्या रविवारी गणपतनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या रविवारीही. पण तेवढ्यात सांगून संपायचं आणि समोरचा म्हातारा तसाच बसून राहायचा. मग गणपतनं थोडं थोडं वाढवायला सुरुवात केली. काकींनी त्याच्याकडे चहा मागितला होता. वारा छान सुटला होता. पायांना काही दुखत नव्हतं, असं त्या स्वतः म्हणाल्या होत्या.

"आणि एक गाणं म्हणत होत्या बगा," मागच्या रविवारी गणपत म्हणाला. "बारीक आवाजात. तुमच्याकडचं असंल."

कौसल्याकाकींनी आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. कुणी आग्रह केला तर त्या पदर तोंडाशी धरून आत पळायच्या. गणपत आपल्या मनचं सांगतोय हे काकांना कळत होतं. त्यांनी स्टूल थोडं जवळ ओढलं.

"मग?" ते म्हणाले.