शेजारणीची मूर्ती

आमच्या मजल्यावर तीन दरवाजे. मधला माझा, आणि तो दिवसभर उघडा असतो. त्यामुळे किस्से शोधायला मला कुठं जावं लागत नाही, तेच चपला काढून आत येतात. हा एक मात्र मला गेल्या नोव्हेंबरच्या चार तारखेला रोह्याच्या मासळी बाजारात मिळाला, आणि तोही अर्धाच.

मी वाकटी निवडत होते. मागे दोघी बोलत होत्या. "ती प्रार्थनेवाली सुनीता गो, जिचा नवरा धाटावला कंपनीत हाय. तिनं म्हणे पेणवरून मूर्ती आणली, आणि आता रोज संध्याकाळी तिच्यापुढं..." तेवढ्यात एकीनं मला पाहिलं आणि "कोलंबी ताजी नाय वाटत" म्हणून विषयच बदलला.

सुनीता माझ्या डाव्या दाराची. मूर्ती म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. तेव्हा आधीपासूनच सांगते.

*

उजव्या दाराला फिलोमावशी राहायच्या. रेवदंड्याकडच्या कॅथलिक, साठी ओलांडलेल्या. नवरा आंतोन वारलेला, मुलगा पनवेलला. कपाटावर मरियामातेची हातभर मूर्ती, मावशी तिला नुसतं 'माऊली' म्हणायच्या. सुनीता नगरकडची. तीही ख्रिस्तीच, पण तिच्या पंथात मूर्ती नाही, माळ नाही, मेणबत्ती नाही. दर रविवारी पेणला एका हॉलमध्ये त्यांची सभा. आणि दोघींच्या मध्ये मी, माझ्या घरात गणपती.

सुनीता राहायला आली त्याच आठवड्यात बायबल घेऊन मावशींच्या दारात. "मावशी, तुम्हाला येशूबद्दल थोडं सांगायचं होतं."

मावशींनी तिला आत घेतलं, भिंतीवरच्या येशूच्या फोटोखाली खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "सांग गो. चुकलीस तर तो वरून बघतोच हाय."

*

मग बिर्याणीचा किस्सा. सुनीताच्या नवऱ्याचा वाढदिवस शुक्रवारी आला. तिनं मावशींकडे डबा पाठवला, चिकन बिर्याणीचा. मावशींचे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मटण-चिकन बंद. त्यांनी डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवला. सुनीताला कळलं तशी ती म्हणाली, "मावशी, कोंबडीनं कुणाचा स्वर्ग अडत नाही."

"नाय अडत," मावशी म्हणाल्या. "पण एक दिवस थांबलं की बिर्याणी पण मुरते."

शनिवारी डबा परत आला, आत भरलेलं पापलेट.

*

त्यानंतर दोघी दुपारच्या माझ्याकडे बसायला लागल्या, आपापलं बायबल घेऊन. मी मटार सोलत पंच. एकदा सुनीतानं दोन्ही बायबलं शेजारी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या बायबलात आतली पुस्तकं जास्त कशी?"

"जास्त नाय गो. तुम्ही कमी केलीत."

मग मीच नियम घालून दिला. आधी समोरचीला विचारायचं, तिचं पुरतं ऐकायचं, मग आपलं सांगायचं. आवाज चढला की चहा. त्या पावसाळ्यात चहा फार झाला. पण एकमेकींच्या घरातून कुणी उठून गेलं नाही. एकदा सुनीता मला जिन्यात म्हणाली, "वहिनी, मला वाटायचं त्या नुसत्या सवयीनं माळ ओढतात. तसं नाही ओ." हे मी मावशींना सांगितलं. मावशी दोन दिवस खुशीत होत्या.

*

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात घडू नये ते घडलं. मावशींच्यात दोन तारखेला गेलेल्या माणसांचा दिवस असतो, कबरीवर मेणबत्त्या लावतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मावशी पिशवी घेऊन निघाल्या होत्या, आंतोनकाकांकडे. जिन्यात सुनीता भेटली. पिशवीत मेणबत्त्या बघून बोलून गेली, "मावशी, गेल्यावर आता प्रार्थना करून काय उपयोग? ती वेळ गेली."

तिच्या मनात वाईट नव्हतं. ती जे मानते तेच बोलली. पण मावशींचा हात कठड्यावर तसाच राहिला. मग त्या खाली उतरल्या. परत आल्या आणि दार लावून घेतलं.

दुपारची बैठक बंद. वाट्या-डबे माझ्याच हातून इकडून तिकडं जायला लागले.

मी सुनीताला म्हटलं, "जा की, बोल त्यांच्याशी."

"जाऊन काय बोलू? उपयोग आहे म्हणू? खोटं कसं बोलू, वहिनी?"

"खोटं नको बोलू. नुसती जाऊन बस."

ती नाही गेली. मावशींकडे विषय काढला तर त्या म्हणाल्या, "तिच्या विश्वासाचा मला राग नाय गो. पण तिनं माझ्या माणसाचा जिन्यातच निकाल लावला." आणि चण्याची डाळ निवडत राहिल्या.

दोघी आपापल्या जागी खऱ्या. मी मध्ये राहते म्हणून मला ते जास्त टोचायचं.

*

उन्हाळ्यात मावशींना धाप लागायला लागली. मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना पनवेलच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. त्या गडबडीत कपाटाला धक्का बसला, माऊली खाली पडली आणि तिचा उजवा हात मनगटातून तुटला. चावी माझ्याकडे. मावशींचा फोन आला, बोलताना दम लागत होता. "मी येईस्तोवर माझ्या माऊलीचा हात तेवढा लावून ठेव गो."

माझ्या भाच्याचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, त्याला हे काही अवघड नव्हतं. पण माझे गुडघे असे, मी मूर्ती घेऊन स्टेशनचा पूल चढणार कशी? हे मी मुद्दाम सुनीताच्या दारात उभी राहून, जरा मोठ्यानं बोलले.

ती आतून आली. "द्या इकडं. रविवारी सभेला पेणला जायचंच आहे."

*

आता बघा. मूर्ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी घेऊन ही बाई ज्या सभेत मूर्ती चालत नाही त्या सभेत बसली! पिशवी खाली ठेवेना. शेवटी पास्टरनी विचारलं, "बहिणी, एवढं काय आहे त्यात?"

"शेजारणीचं आहे," सुनीता म्हणाली. टॉवेलातून मुकुट दिसत होता म्हणे.

तिथून ती कारखान्यात गेली. भाच्याचा मला संध्याकाळी फोन. "मामी, कुठली बाय पाठवलीस? मी बोललो, चेहरा पण नवीन रंगवून देतो, डोळे आखतो. तर बोलते, चेहऱ्याला हात लावू नका, त्यांच्या ओळखीचा आहे. मी यातलं काही मानत नाही बोलते, आणि मांडीवरून खाली ठेवत नाय."

सुनीतानं मूर्ती आणली ती माझ्याकडे दिलीच नाही. "मावशी आल्या की मी स्वतः देईन. त्या निमित्तानं बोलणं होईल."

मावशी आल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात पनवेललाच वारल्या. माती पण तिकडंच झाली, आणि सुनीता तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत थांबली. मुलगा घर रिकामं करायला आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे मूर्ती धरली. तो म्हणाला, "आमच्या घरी एक आहे. तुम्हीच ठेवा, ताई."

*

तर बाजारातून आले ती वाकटीची पिशवी ओट्यावर टाकून, विरजणाचं निमित्त करून मी सरळ सुनीताकडे गेले. माऊली फ्रिजवर, खाली धुतलेला रुमाल. नवा हात जरा जास्त पांढरा. पुढ्यात स्टीलची ताटली, आणि ताटलीत वितळून चिकटलेलं मेण.

"पूजा करतेस का गो?"

"नाही वहिनी. पूजा नाही, नमस्कार नाही. धूळ पुसते फक्त."

"बाजारात तर रोज संध्याकाळचं काहीतरी बोलत होत्या."

"रोज कुठलं. लोकांना काय."

"मग ही मेणबत्ती?"

तिनं माझ्या वाटीत विरजण घातलं. मग वाटी मला देत म्हणाली, "परवा लाईट गेली होती ना, तेव्हाची."

मी वाटी घेऊन घरी आले. परवा संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेतला एकही सीन माझा चुकला नव्हता.