वकारनं परत पाठवलेले सर्व्हर

वकारचा कशावरच विश्वास नव्हता. चहा आला की तो आधी कपात डोकावे, मग चहावाल्याच्या तोंडाकडे पाही. अचलपूरच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला. त्याचे वडील पेटी उलटी करून तळची फळं पाहिल्याशिवाय सौदा करत नसत. पोरानं तीच सवय संगणकाला लावली. अमरावतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा आणि मी ग्राहकांचे फोन घ्यायची. त्याच्या संशयाचा मला वैताग यायचा, आणि खरं सांगते, त्याच संशयाच्या जिवावर मी निर्धास्तही असायची.

वऱ्हाडातल्या कृषी केंद्रांची बिलं आणि साठा आमच्या सॉफ्टवेअरवर चाले. सर्व्हरच्या लोखंडी कपाटातली जुनी यंत्रं अलीकडे मधूनच आडवी होत. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. म्हणून ठरलं की दोन दणकट सर्व्हर घ्यायचे, त्यांच्या पोटात प्रत्येक दुकानासाठी वेगळी आभासी मशीन, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरनं घडवलेला संगणक, चालवायची आणि किरकोळ कामं कंटेनर नावाच्या सॉफ्टवेअरच्या डब्यांत बांधून त्यांतच ठेवायची.

"म्हंजे खालचं लोखंड आडवं झालं का वरचे सारेच आडवे," वकार म्हणाला.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लागोपाठच्या दुष्काळानं आमची गिऱ्हाइकंच गळाठली होती, तेव्हा मालक खुशालरावांनी वापरलेले, दुरुस्त केलेले सर्व्हर शोधले. विकणारा निघाला अकोल्याचा अजहर. वकारच्या बहिणीचा, नगमाचा नवरा.

आता संशय घ्यायची पाळी आमची होती. "दलालीत आमालेबी वाटा दे बाबा," खुशालराव हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. माझ्याही मनात तेच होतं. वकारचे कान लाल झाले.

"साहेब, सोयऱ्याची पेटी बाजारात कोणी उलटी करत नाई. लई मोठा अपमान असते तो. पण मी करीन. तुमच्यासमोर करीन."

हे बोलणं सोपं नव्हतं. नगमाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, अचलपूरला व्हायचं होतं. आईनं खोलीला चुनाही देऊन ठेवला होता. जावई दुखावला तर ती खोली रिकामी राहणार, हे वकारला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

अजहर स्वतः सर्व्हर घेऊन आला. वकारनं झाकणं उघडली. चालू मशीनचा एक पॉवर सप्लाय उपसला आणि ती दुसऱ्यावर तगते का ते पाहिलं. चालू असतानाच एक डिस्क बाहेर ओढली, माहिती शाबूत राहते का ते पाहिलं. मेमरी स्वतःची चूक पकडते का, पंखा अडला तर मशीन ओरडते का, सगळं पाहिलं. सगळं ठीक होतं. अजहर घाम पुसत उभा होता. मग वकारनं पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मीही लावला. बोटांत झिणझिण्या आल्या. कामाचा भार वाढवला तशी मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाली. दुसरीनंही तेच केलं.

"बिघडलेला माल चकाचक करून आणला, अजहरभाई," वकार म्हणाला.

अजहरनं आमच्या जुन्या कपाटाला हात लावला, वकारकडे नीट पाहिलं आणि एक शब्दही न बोलता सर्व्हर गाडीत भरले. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे.

नगमा माहेरी आली नाही. अकोल्यातही दवाखाने आहेत, एवढाच निरोप आला. वकार जेवणाचा डबा उघडेनासा झाला. मला त्याची फार कीव आली, आणि मी मात्र त्याच्यावर संशय घेतला होता.

खुशालरावांनी मग मन घट्ट करून कोरा सर्व्हर मागवला. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं तो जोडला, मी सहज पत्र्याला हात लावला, आणि पुन्हा त्याच झिणझिण्या. त्यानं मीटर लावून पाहिलं.

"मशीनला काही झालेलं नाही. तुमचं अर्थिंग मेलंय. गळकी वीज जमिनीत उतरत नाही, म्हणून झिणझिण्या येतात आणि मशीन बंद पडते."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ असतं, ते ओलं राहावं लागतं. झाकण काढलं तर आत माती भेगाळली होती. झाडू मारणाऱ्या मनकर्णाबाई मागून आल्या.

"म्या रोज टाकत होती ना बादली. वायरमननं सांगतलं होतं. मंग वकारभाऊनंच नळाले कुलूप लावलं."

ते कुलूप मला आठवत होतं. पाणी आठवड्यातून एकदा येऊ लागलं तेव्हा वकारला वाटलं, मनकर्णामावशी मागच्या दारानं बादली शेजाऱ्यांना देते. तिला विचारलं कोणीच नव्हतं.

वकारनं तिथंच, खड्ड्याशी उकिडवं बसून अजहरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. घरी ते उर्दूत बोलत. आम्हाला कळावं म्हणून तो मुद्दाम वऱ्हाडीत बोलला.

"अजहरभाई, तुमच्या मशीन चांगल्या होत्या. खोट आमच्या जमिनीत होती."

"मले मालूम होतं. तुमच्या जुन्या कपाटालेबी झिणझिण्या होत्या."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो तं तू काय म्हटलं असतं?"

खुशालराव खाली बघू लागले. मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

"काल पोरगी झाली," अजहर म्हणाला. "दोघीबी बऱ्या हायेत. अम्मीले घेऊन पाहाले ये." मग म्हणाला, "तपासाले नको येऊ."

वकारनं खिशातून नळाच्या कुलपाची किल्ली काढून मनकर्णाबाईंच्या हातावर ठेवली आणि आईला आणायला अचलपूरची एसटी धरली.