पाच रुपयांची सूट

सौद्यात मला हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी पूर्वी छाती ठोकून सांगत असे. मग कळलं, की तो माझ्या आधी पंचवीस वर्षं जन्मला होता, मास्तर म्हणून निवृत्त झाला होता आणि धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर करवंदांची वाईन करत बसला होता. मी स्टँडमागच्या रिकाम्या बाटल्या वेचून धंद्याला सुरुवात केली आणि कोल्हापुरात स्वतःच्या परमिट रूमच्या गल्ल्यावर जाऊन बसलो. बर्फवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत एकालाही मी त्यानं सांगितलेला दर कधी दिला नाही. अशा मला या मास्तरांनी दहा वर्षं हमालासारखं राबवलं. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

ते बेट म्हणजे मूळची एक टेकडीच. मलकापूरच्या पुढं धरण झालं, खालची शेतं पाण्यात गेली आणि टेकडीवर बावीस घरं उरली. मास्तर मूळचे नेसरीचे. गळ्यात लिंग, डोक्याला टोपी, रागावले की तोंडात ‘यप्पा!’. शाळेसाठी बेटावर आले आणि निवृत्त झाल्यावरही गेले नाहीत. कारण घरं उठायला लागली होती. एकेक जण बायकोपोरं घेऊन कागलकडं कामाला निघायचा. घरं आणखी उठली तर काठावर नेणारी एकुलती होडी बंद होणार आणि होडी बंद झाली की उरलेल्यांनाही उठावं लागणार. बेटावर फुकट मिळणारी वस्तू एकच, करवंदं. मास्तरांनी वाईनच्या परवान्यासाठी दोन वर्षं कचेऱ्यांचे जिने चढून-उतरून गुडघे खराब करून घेतले आणि पिपं मांडली. बायका करवंदं तोडायच्या, गडी बाटल्या भरायचे, आणि होडी चालू राहायची.

गंमत म्हणजे मास्तरांनी आयुष्यात थेंबभर घेतली नाही. वाईन झाली की नाही हे ते पिपाला कान लावून ठरवायचे. आतली बुडबुड ऐकायची, झाकण किलकिलं करून वास घ्यायचा आणि मान हलवायची. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “मास्तर, न चाखता कसं कळतं तुम्हाला?” मास्तर म्हणाले, “साहेब, पेपर तपासणाऱ्यानं परीक्षेला बसायचं नसतंय.” प्रत्येक पिपावर खडूनं एक नाव असायचं. बेट सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचं. रोज सकाळी हजेरी व्हायची. एखादं पीप थंड पडलं तर मास्तर त्याच्यावर चक्क ओरडायचे. “ह्यो बाळू. पैलीत बी असाच झोपायचा. ऊठ की!” बाळू खरंच परत आला आणि बाटल्या भरायला लागला, तेव्हा मास्तरांनी ओल्या फडक्यानं ते नाव स्वतः पुसलं आणि दिवसभर कुणावर ओरडले नाहीत.

माझ्या गिऱ्हाइकांना ही वाईन सुरुवातीला अजिबात पटली नाही. तालमीतला एक पैलवान म्हणाला, “शेठ, ह्येनं काय हुतंय? चार बाटल्या झाल्या, बायकोचं भ्या हाय तसंच हाय.” पण डॉक्टर लोक घरी न्यायला लागले आणि माल पुरेना.

पहिल्या भेटीत मी सवयीनं दर पाडायला घेतला. तासभर घसा कोरडा करायची माझी तयारी होती. मास्तर लगेच म्हणाले, “बाटलीमागं पाच रुपयं कमी? केलं. फकस्त पुढच्या बारीला मलकापुरातनं शाळंचा फळा घिऊन या.” मी मनात हसलो. माझी जीप तशीही काठापर्यंत रिकामीच येणार होती. पुढच्या फेरीला पुन्हा पाच रुपये सुटले आणि जीपमध्ये पिठाच्या गिरणीची मोटर चढली. मग एका नवरीचं लोखंडी कपाट आलं, त्यासाठी मागची सीट काढावी लागली. मग एक रेडकू आलं, ते मलकापूरपासून माझ्या मानेवर फुसफुसत राहिलं. एका पावसाळ्यात तर नर्सबाई आल्या, आणि घाटात जीप बंद पडल्यावर त्यांनी मला धक्का मारायला लावला. मी भडकलो. “मास्तर, मी बारवाला हाय, तुमचा टेम्पोवाला न्हाय!”

मास्तर शांतपणे म्हणाले, “बराबर हाय, पावणं. मग पुरा दर द्या.”

आता पुरा दर देणं माझ्या हाडात नाही. हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

एकदा मी मनातलं बोलून टाकलं. एवढं सगळं पोचवलं, शाळेच्या भिंतीवर माझं नाव तरी लिहा. “लिवतो की,” मास्तर म्हणाले, “रंग आणा.” मी डबाभर हिरवा ऑइलपेंट नेला, तोही चांगल्यातला. पुढच्या फेरीला पाहतो तर होडी हिरवीगार. “गळत हुती,” मास्तर म्हणाले. माझं नाव आजतागायत कुठंही नाही.

मग एका वर्षी मी नेहमीसारखा पाच रुपये म्हणालो, तर मास्तर म्हणाले, “धा घ्या.” मी जागीच सावध झालो.

“काय आणायचंय?”

“आणायचं काय न्हाय. न्ह्यायचं हाय.” आणि त्यांनी स्वतःची कापडी पिशवी पुढं केली.

मास्तरांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. होडीतून चढउतार जमेना, मुलगा नेसरीला बोलवत होता. काठावर सगळं बेट जमलं. करवंदांचं काम बघणारी शेवंता, त्यांचीच विद्यार्थिनी, पिशवी हातातून सोडेना. मास्तर तिला म्हणाले, “यप्पा, सोड की! पाव्हण्याचं डिझेल जळतंय.” हिरव्या होडीतून आम्ही पलीकडं आलो. मास्तरांकडून दहा रुपयांची सूट मी पहिल्यांदाच मिळवली होती, आणि नेसरी येईपर्यंत मी रस्त्यातल्या प्रत्येक ट्रकवाल्याला शिव्या देत होतो.

त्यानंतरच्या फेरीला शेवंतानं दर सांगितला आणि मी तो मुकाट्यानं दिला. का दिला, मलाच माहीत नाही. परतताना एक बाटली घेऊन नेसरीला गेलो. मास्तर घराच्या पुढच्या सोप्यात पाय लांब करून बसले होते. त्यांनी बूच काढलं आणि वास घेतला. “करवंदं जरा कवळी तोडल्यात.” मग म्हणाले, “दर कितीला पाडला?”

“न्हाय पाडला. पुरा दिला.”

मास्तर बघतच राहिले. “मग जीपमधनं बेटासाठी काय न्हेलं?”

मी म्हणालो, “एका पिपाला तुमचं नाव घातलंय शेवंतानं.”

मास्तरांनी बूच परत लावलं, जरा जास्तच वेळ दाबत बसले. मग हळूच विचारलं, “कसं बोलतंय?”

“कान लावला हुता मी. लई बडबड करतंय. कुणाचं ऐकत न्हाय.”

ते हसले आणि टोपीनं डोळे पुसले.

उद्या मी बेटावर निघालोय. पाच रुपयांसाठी शेवंताशी भांडणार आहे. जीपची मागची सीट आजच काढून ठेवली आहे.