एल्फेजच्या नव्या स्प्रिंगा

बर्फ लोटायचं लोखंडी पातं पुढे लावलं की एल्फेजची पिकअप दर हिवाळ्यात गुडघे टेकल्यासारखी वाकायची. चर्चचं आवार साफ करायचा मान त्याचा. म्हणून यंदा त्याने बटाटे वाहणाऱ्या मोडक्या ट्रकच्या दणकट स्प्रिंगा काढून पुढे बसवल्या.

"गाडी आभाळाकडे बघतेय," त्याची बायको रीटा म्हणाली.

"देवाच्याच कामाला निघालीय, बघू दे."

शनिवारी चर्चमध्ये राजम्याचं जेवण होतं, आणि सकाळी गुडघाभर बर्फ पडलेलं. पातं लावलं तरी गाडी वाकली नाही. पण मागे वजनच नव्हतं, त्यामुळे घरासमोरच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. दरवर्षी वजनाला मागे ठेवायची वाळूची पोती एल्फेजने यंदा नव्या स्प्रिंगांच्या भरवशावर अंगणातच टाकली होती. ती गोठून जमिनीला घट्ट चिकटली होती.

आवार साफ झालं नाही तर जेवायला येणार कोण? त्याची नजर रीटाने शिजवलेल्या राजम्याने भरलेल्या बिडाच्या हंड्यांकडे गेली.

"हात लावून बघ," रीटा म्हणाली.

"न्यायचे तर तिथेच आहेत ना."

शेवटी हंडे मागे चढले आणि झाकणं धरायला रीटाही चढली. गाडी चढ चढली, पण त्या स्प्रिंगांवर प्रत्येक खड्ड्याला हातभर उडाली. रीटाची जपमाळ वाटेतच दोनदा पूर्ण झाली.

आवार लख्ख झालं, सगळं गाव जेवायला आलं. फादरांनी हंड्यात डाव घातला.

"यंदा सूप केलंस, रीटा?"

रीटाने नवऱ्याकडे पाहिलं. "मी नाही, फादर. ह्याने केलंय."