सूत जाळून पाहणारे मामा

माझे सासरे, म्हणजे मामा, जन्मात कधी विडी प्यायले नाहीत, पण त्यांच्या कोपरीच्या खिशात काडीपेटी कायम असायची. कुणाच्या खांद्यावर घोंगडी दिसली की रामराम घालायच्या आधी ते तिच्या काठातून एक धागा उपसत आणि त्याला काडी लावत. लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटात राख उरते. गिरणीचं प्लास्टिकचं सूत असलं तर ते वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मणी झाला की मामांचा चेहरा उजळायचा. बाहेरचे लोक याला सचोटी म्हणत. मी सून आहे, मला विचाराल तर त्यांना माणूस पकडल्याचा आनंद जास्त होता.

धारूरच्या डोंगराकडेला आमचं गाव. पडवीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, त्यात पाय सोडून मामा दिवसभर घोंगड्या विणायचे. माझ्या चुलत दिराच्या लग्नात मुलीच्या बापानं देवापुढे अंथरायला घोंगडी आणली होती. मामांनी सगळ्या वऱ्हाडासमोर तिचा धागा जाळला, मणी त्या माणसाच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "पावनं, घोंगडी तर खोटी निघाली. लेक तरी खरी हाय का?" मांडव हसला. तो बाप घोंगडी काखेत मारून मांडवाबाहेर जाऊन बसला आणि जेवला नाही. मीही तेव्हा हसले होते, ते लपवत नाही.

घरात सूत कातायचं काम माझं. वीस वर्षं मी रहाटावर बसले आणि वीस वर्षं मामा माझं सूत अंगठ्याखाली घोळवून नाक मुरडत राहिले. "हे सूत हाय का बैलाचं दावं?" हे रोजचं. माझी आई एकदा भेटायला आली, तर तिच्या पुढ्यात माझ्या सुताचा गुंडा टाकून म्हणाले, "इहीनबाई, पोरीला काय शिकवलंत तुमी?" आई दुपारच्याच एसटीनं परत गेली. आणि याच माणसानं लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मला जावळाची घोंगडी विणून दिली. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, लोण्यासारखी मऊ. माझ्या अंगावर ती फेकत म्हणाले, "घे. तुज्या सुताची न्हाई, म्हनून चांगली झाली." मी ती अजून वापरते.

एक गोष्ट मात्र होती. घरच्या सुताला मामांनी कधी काडी लावली नाही. मला ते नावं ठेवत, पण माझ्यावर संशय घेणं त्यांच्या डोक्यातच येत नसे.

पुढे साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या बोटांतली जाणीव गेली. काटा रुतला तरी कळत नसे. तरी सूत अंगठ्याखाली घोळवणं चालूच. तोवर भागातली मेंढरंही कमी झाली होती, काळी लोकर मिळेना, आणि मामा मागावरून ओरडत, "सूत आन, कावून थांबलीस?" एकदा वैतागून मी बीडच्या बाजारातून गिरणीचं काळं सूत आणलं आणि लोकरीत मिसळून कातलं. मामांनी गुंडा हातात घेतला, बराच वेळ घोळवला आणि म्हणाले, "आत्ता जमलं बघ तुला. असं एकसारकं सूत मी माज्या आईच्या हातचं बी बघितलं न्हाई."

मी परसात जाऊन हसले. हसता हसता रडू आलं. त्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प बसले, असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला मजा येत होती. दोन वर्षं मी तेच सूत देत गेले आणि ते गावभर माझं कौतुक सांगत फिरले.

गेल्या हिवाळ्यात एका संस्थेनं धारूरला लोकर महोत्सव भरवला. मेंढ्या कातरायची शर्यत, कातायची शर्यत, बचत गटांचे स्टॉल. परीक्षक म्हणून मामा, आणि नमुना म्हणून मंचावर टांगलेली मामांचीच घोंगडी. मामा काडीपेटी घेऊन स्टॉलमागून स्टॉल फिरले. दिंद्रुडच्या एका पोरीचा धागा वितळला, तेव्हा त्यांनी मणी तिच्या तळहातावर ठेवला. "घे, नाकात घाल." पोरीनं मान खाली घातली. तिची आई शेजारीच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मंचावरच्या घोंगडीला बी लावा की काडी."

"लावतो की," मामा हसले. "कुठून काढू, तूच दाव."

मी चार पावलांवर होते. पोटात दुखतंय म्हणाले असते, चक्कर आल्याचं सोंग केलं असतं, तरी चाललं असतं. मी काहीच केलं नाही.

धागा वितळला. मामांनी दुसऱ्या काठाचा धागा काढला. तोही वितळला. तिसऱ्या वेळी काडी जळत जळत त्यांच्या बोटांपर्यंत आली आणि कातडी भाजायला लागली तरी त्यांनी ती सोडली नाही, कारण त्यांना कळतच नव्हतं. शेवटी त्या दिंद्रुडच्या बाईनंच फुंकर घातली. मामांनी भाजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि मग एकदाच माझ्याकडे.

"मीच मिसळलं," ते लोकांना म्हणाले. "ल्वाकर पुरंना म्हनून. सुनंला यातलं काय ठाव न्हाई."

मंडपात हशा पिकला. बोटं दाखवून हसणाऱ्यांत पोरंसोरंच नव्हती, मामांच्या वयाचे लोकही होते.

घरी आल्यावर त्यांनी आठ दिवस टोपल्या टोपल्यांनी माती टाकून मागाचा खड्डा बुजवला. मी पाया पडले, माझं चुकलं म्हणाले. "तुजं काय चुकलं?" ते म्हणाले. "सूत चांगलं हाय असं मीच म्हनलो." मला एक शिवी जरी दिली असती तरी जन्मभर त्यांचे उपकार मानले असते.

यंदाच्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. मी खेड्याखेड्यांतून लोकर गोळा केली, महिनाभर कातली आणि शेजारच्या गावात घोंगडी विणून घेतली. त्यांच्या पायाशी ती ठेवून लोकर कुणाच्या मेंढरांची, कुणी पिंजली, कुणी विणली, सगळं सांगितलं. मामा ऐकत होते. "चांगली असंल," एवढंच म्हणाले आणि खुंटीवरच्या फुलाफुलांच्या ब्लँकेटकडे बोट केलं. ते बाजारातलं, चकचकीत, नुसतं प्लास्टिक.

"ते टाक अंगावर," म्हणाले. "ते काय, 'मी ल्वाकर हाय' असं म्हनत न्हाई."

मी ब्लँकेट त्यांच्या अंगावर घातलं, पायाखाली नीट खोचलं. पंधरा दिवसांनी त्याच्याखालीच ते गेले.