डॉ. मेश्राम स्क्रीन बघतात

लॅपटॉपच्या दुकानात शिरल्या की डॉ. मेश्राम आधी पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढायच्या. दुकानातल्या सगळ्या स्क्रीनवर मोर, फुलपाखरं, लालभडक मिरच्या नाचत असायच्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता त्या पेन ड्राइव्ह लावायच्या, ब्राइटनेस निम्म्यावर आणायच्या आणि एकच फोटो उघडायच्या. अंधाऱ्या गोठ्यात बसलेली काळी म्हैस. मग जरा मागे सरकून विक्रेत्याला विचारायच्या, "म्हशीचा कान कुठं आहे, सांगा बरं." बहुतेक स्क्रीनवर कान सापडायचा नाही. गोठा, म्हैस आणि कान मिळून डांबराचा एक गोळा दिसायचा. "हिला मोर दाखवता येतो, म्हैस नाही," म्हणून त्या पुढच्या लॅपटॉपकडे वळायच्या.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कारण एका शनिवारी लॅपटॉप माझ्या मुलीसाठी, इरासाठी घ्यायचा होता. आणि निवडत त्या होत्या.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आयटी विभाग सांभाळतो. ऑफिसात कुणाला कुठला लॅपटॉप मिळणार, हे मी ठरवतो. नातेवाईक, सोसायटीचे चेअरमन, बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणी, सगळे मला विचारून मशीन घेतात. इराला डिझाइनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी कुणी न सांगताच तिच्यासाठी काही मॉडेलं हेरून ठेवली होती. जेवताना विषय काढला, तर इरा म्हणाली, "बाबा, मी मेश्राममावशींना विचारलंय. त्या येणारेत शनिवारी आपल्याबरोबर."

"त्या डॉक्टर आहेत ना?"

"हो, पण त्या दिवसभर स्क्रीनच बघतात."

"आणि मी काय दिवसभर धुणं बघतो?"

बायकोने माझ्या पानात आमटी वाढली.

डॉक्टर शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या, एकट्याच. मूळच्या चंद्रपूरच्या. इथे एका रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट होत्या, म्हणजे दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रे आणि स्कॅन वाचायच्या. करड्या रंगाच्या ज्या छटा तुम्हा-आम्हाला एकच वाटतात, त्यांतला फरक ओळखण्यावर त्यांचं पोट होतं आणि पेशंटचा जीव. उंच, बारीक कापलेले पांढरे केस, खांद्याला कायम कापडी पिशवी. शाळेत असताना इरा जिन्यात बसून चित्रं काढायची, तेव्हा येता-जाता त्या तिच्याशेजारी पायरीवर टेकायच्या. "छान आहे" असं कधी म्हणायच्या नाहीत. "हे काय करून राहिली तू?" एवढंच विचारायच्या आणि इराचं बोलणं संपेपर्यंत थांबायच्या. मी संध्याकाळी घरी आलो की चित्र बघून "वा!" म्हणायचो. पुढे पुढे चित्रं आधी वरच्या मजल्यावर जायला लागली आणि माझ्याकडे येईपर्यंत ती पाहून झालेली असायची.

तर दुकानात शेवटी दोन लॅपटॉप उरले. एकाचा प्रोसेसर दणकट, पण स्क्रीन मळकट. दुसऱ्याची स्क्रीन अशी, की म्हशीचा कान तर दिसलाच, कानावरची माशीही दिसली. प्रोसेसर मात्र बेताचा. दोन्ही चांगलं हवं तर बजेट पार ओलांडलं जात होतं.

"अहो डॉक्टर," मी म्हणालो, "तीन वर्षांनी तिला ॲनिमेशन करायचंय. हे मशीन पळणार नाही."

"डोळ्याला दिसत नाही ते हाताला काढता येत नाही, दामलेजी."

"दिसेल हो सगळं. पण पुढे सरकायला नको?"

"म्हैस कुठं पळते?" त्या म्हणाल्या, आणि दुकानदारासकट सगळे हसले. इराही. मी प्रोसेसरच्या पिढ्या, कोअर, रॅम असं बरंच काही समजावलं. इराने शांतपणे ऐकून घेतलं, मग स्क्रीनवाल्या लॅपटॉपवर हात ठेवला. "बाबा, हा."

घरी येताना त्या दोघी पुढे चालत होत्या. खोकं मी उचललं होतं.

"तुमचं दुखणं लॅपटॉपचं नाहीये," त्या दिवशी बायको म्हणाली. मी तिला म्हटलं, तू गप्प बस.

शेवटच्या वर्षाला इराने एक छोटी ॲनिमेशन फिल्म करायला घेतली आणि मी म्हटलं होतं तेच झालं. लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, पंखा घरघरायचा, एक दृश्य तयार व्हायला अख्खी दुपार जायची, आणि कधी कधी ते मध्येच अडकायचं. खोटं कशाला बोलू, त्या घरघरीचा आवाज मला गोड लागायचा. मी वाट बघत होतो. इरा माझ्याकडे येईल, मग मी चष्मा पुसून म्हणेन, "बघू."

ती वर गेली. मात्र थोड्याच वेळात डॉक्टर स्वतः तिच्याबरोबर खाली आल्या, घरातल्याच गाऊनवर ओढणी टाकून.

"दामलेजी, यातलं मला काही समजत नाही," त्या दारातच म्हणाल्या. "मी हिला एकच बाजू दाखवली. तुम्ही सांगत होता ते मी ऐकायला पाहिजे होतं. आता तुम्हीच पाहा."

इतकं सरळ. मला नोकरीत इतकी वर्षं झाली, पण चार माणसांसमोर हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. जिंकल्याचा आनंद व्हायच्या आत मला त्यांच्या त्या सहजपणाचाच हेवा वाटला.

मी बसलो. काम हलक्या फायलींवर करायचं आणि शेवटचं रेंडरिंग, म्हणजे दृश्य पक्कं तयार करायचं जड काम, माझ्या डेस्कटॉपवर, अशी सोय लावून दिली. पहिलं दृश्य बघता बघता तयार झालं. "बाबा, कसले भारी आहात तुम्ही!" इरा ओरडली, माझ्या गळ्यात पडली, आणि मला नीट सुख व्हायच्या आत म्हणाली, "थांबा, मावशींना सांगून येते."

कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा आमच्या शेजारी डॉक्टरांची खुर्ची होती. फिल्म एका गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या बाईची होती. जवळजवळ सगळी अंधारात घडणारी. आणि त्या अंधारात यंत्रं वेगळी, भिंती वेगळ्या, बाईचे थकलेले हात वेगळे, सगळं दिसत होतं. इराच्या सरांनी व्यासपीठावरून त्या अंधाराचं कौतुक केलं. शेवटी पाट्या आल्या. "आभार : आई, बाबा." त्याखाली : "मेश्राममावशी, काळोख बघायला शिकवल्याबद्दल."

आई-बाबांचे आभार सगळेच मानतात, तसे आमचे मानले होते. मावशींना मात्र कारण दिलं होतं. टाळ्या वाजवताना ते मला टोचत राहिलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून.

त्याच वर्षी त्यांनी पुणं सोडलं. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात स्कॅनचं मशीन होतं, वाचणारं कुणी नव्हतं. "इथं आम्ही पुष्कळ आहोत," एवढंच त्या म्हणाल्या. निघायच्या दिवशी त्यांच्या बॅगा मी खाली आणल्या. इराने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "जय भीम, मावशी." इतक्या सवयीने म्हणाली, की या दोघींचं हे कधीपासूनचं असणार, हे मला तेव्हा कळलं. "जय भीम, बेटा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

टॅक्सी वळली तरी इरा फाटकापाशी उभी होती. मीही उभा राहिलो.

"बाबा," ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला मावशी आवडायच्या नाहीत ना?"

"आवडायच्या गं," मी म्हणालो. "न आवडणाऱ्या माणसाचं इतकं कुणी मनाला लावून घेतं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या दंडाला धरून मला जिन्याकडे घेऊन गेली.