प्रभाकरचा उजवा हात

कोन गावच्या प्रभाकरचा हात असा, की पळस्प्याच्या स्टुडिओत थेट कार्यक्रम असला की खांद्यावरचा कॅमेरा डोळे झाकून त्याच्याकडे यायचा. स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम. आत नुसत्या हिरव्या भिंती. टीव्हीवर दिसणारं काचेचं दालन, खांब, जिना सगळं संगणकातलं. कॅमेऱ्यावरचा सेन्सर प्रत्येक हालचाल संगणकाला कळवी आणि दालन तेवढंच सरके.

निवडणूक निकालाच्या सकाळी ते दालनच थरथरायला लागलं. निवेदिका बोलतेय आणि तिच्या मागचे खांब पाण्यात दिसावेत तसे डुलतायत.

"सेन्सर गेला!" प्रभाकरच ओरडला.

जाहिराती चालू असताना सेन्सर बदलला. तेच. निर्माता विश्वजीत म्हणाला, "जरा प्रणितकडे द्या कॅमेरा." प्रणित हाताखालचा कॅमेरामन. त्याच्या खांद्यावर कॅमेरा गेला आणि खांब गप उभे राहिले.

प्रभाकर संध्याकाळपर्यंत हिरव्या भिंतीला टेकून उभा होता.

सेन्सरच्या नोंदी सांभाळणाऱ्या कोमलने त्याला बाजूला बोलावून पडद्यावरचा आलेख दाखवला. "दादा, ही रेघ तुमच्या हाताची. सेकंदाला पाच वेळा, एकसारखी. मी मागचंही काढून बघितलं. गणपतीपासून आहे."

"चार महिने? मग सांगितलं का नाहीस?"

"बारीक होती. मला वाटलं, मशीनचीच खोड." तिने मान खाली घातली. "माझ्या बाबांना असंच सुरू झालं होतं. डॉक्टरांना दाखवा."

पनवेलच्या डॉक्टरांनी त्याला खोलीत चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली आणि कंपवात असल्याचं सांगितलं. गोळ्यांनी थरथर आटोक्यात राहील, आजार जाणार नाही.

"काय बोलला डाक्टर?" घरी बायकोने, भावनाने विचारलं.

"काय नाय. अशक्तपणा हाय."

"मंग हात खिशात कशाला घातलाव?"

त्याने हात काढला नाही.

दीड महिना गोळ्या घेतल्यावर तो विश्वजीतकडे गेला. "एकदा बघा तरी." रिकाम्या स्टुडिओत त्याने कॅमेरा उचलला. दहा मिनिटं श्वास रोखून फिरवला. त्याला वाटलं, जमलं. मग पडद्यावरची रेघ बघणाऱ्या कोमलचा पडलेला चेहरा दिसला.

"ती थरथर संगणकातच गाळता नाही येणार?" त्याने विचारलं.

"येते, दादा. पण मग दालन मागे रेंगाळतं. माणूस हवेत तरंगल्यासारखा दिसतो. थेट प्रक्षेपणात नाही चालणार."

त्याने कॅमेरा स्वतःच खाली ठेवला.

विश्वजीतने त्याला काढलं नाही. केबल गुंडाळायला आणि हिरव्या फरशीवरचे बुटांचे डाग पुसायला ठेवलं. दया म्हणून केलं, हे प्रभाकरला कळत होतं, म्हणून भांडताही येईना. परवा प्रणितने विचारलं, "दादा, पायऱ्यांवरून उतरताना कॅमेरा कसा धरायचात तुमी?"

प्रभाकरने सांगायला तोंड उघडलं. ते हाताने दाखवल्याशिवाय सांगता येण्यासारखं नव्हतं.

"आता आठवत नाय," तो म्हणाला आणि फडका घेऊन खाली बसला.